क्लास लावला, काढायचा कोणी?

‘क्लास लावणे’ म्हटलं की आपल्याला दहावीचं वर्ष आठवतं आणि वडिलांच्या खिशाला बसलेली चाट. माझ्या धंद्यात क्लास लावणं वेगळं. स्क्रीनवरच्या एखाद्या बटणाला, ओळीला, चौकटीला एक नाव चिकटवायचं (‘शीर्षक’, ‘निवडलेले’, ‘चूक’ असं काहीतरी) आणि त्या नावाच्या वस्तूने कसं दिसायचं ते दुसऱ्याच फाइलीत लिहून ठेवायचं. बटणाला आपण लाल आहोत हे माहीत नसतं. त्याला एवढंच माहीत असतं की आपण ‘चूक’ आहोत. उद्या कोणी ठरवलं की चूक जांभळ्या रंगात दाखवायची, तर एका ओळीत बदल होतो आणि बटणाला पत्ताही लागत नाही.

ऐकायला हे इतकं सोपं आहे की यावर निबंध कशाला, असं वाटेल. पण गेले काही शनिवार-रविवार मी यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनमध्ये जमवलेल्या एका शब्दसंग्रहावर काम करतोय, आणि त्या निमित्ताने या चिकटवाचिकटवीचा इतिहास पुन्हा चाळावा लागला. त्यात आपल्या मराठीचा एक बराच दुखरा भाग आहे. तोच आज सांगतो. कोड नाही, घाबरू नका.

सुरुवात वेबपासून होत नाही. १९८७ साली एमआयटीतून एक्स विंडोची अकरावी आवृत्ती बाहेर पडली. प्रोजेक्ट अथेना नावाच्या प्रकल्पातून हे काम निघालं होतं. विद्यार्थ्याने कॅम्पसवरच्या कुठल्याही मशीनवर बसावं आणि आपलं काम करावं, ही त्यामागची गरज. त्या काळच्या टूलकिटमध्ये प्रत्येक विजेटला दोन ओळखी असत. एक त्याचं स्वतःचं नाव आणि दुसरा त्याचा क्लास. वापरणारा माणूस आपल्या फोल्डरमधल्या एका साध्या मजकूर फाइलीत लिहू शकायचा की सगळी बटणं करडी, पण ‘बंद करा’ नावाचं बटण तेवढं लाल. नाव आणि क्लास दोघांचे नियम लागू होत असतील तर नावाचं ऐकलं जायचं, कारण ते जास्त नेमकं. आज सीएसएस लिहिणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. आयडी क्लासला हरवतो तो हाच प्रकार, फक्त कित्येक वर्षं आधीचा.

मात्र तो क्लास जन्माने मिळालेला असायचा. बटण म्हणून जन्मलं की शेवटपर्यंत बटण. प्रोग्राम चालू असताना त्याला ‘आता तू चूक आहेस बरं का’ असं सांगायची सोय त्या यंत्रणेत नव्हती. म्हणजे क्लास होता, पण तो सांभाळायची जबाबदारी कोणावर नव्हती.

ती जबाबदारी आली वेबबरोबर. १० ऑक्टोबर १९९४ रोजी होकुन व्हिउम ली या नॉर्वेजियन माणसाने, सर्नमध्ये काम करत असताना, स्टाइलशीटचा पहिला प्रस्ताव मांडला. बर्ट बॉस नावाचा डच गृहस्थ त्याला येऊन मिळाला. १७ डिसेंबर १९९६ ला सीएसएसची पहिली शिफारस निघाली, आणि १९९७ च्या डिसेंबरात आलेल्या एचटीएमएल ४ मध्ये क्लास हे जवळजवळ प्रत्येक घटकाला लावता येणारं अ‍ॅट्रिब्यूट झालं. शिवाय एका घटकाला एकच नाही, हवे तेवढे क्लास, मध्ये जागा सोडून. हा फरक मोठा. एक्सच्या जगात विजेटला एक आडनाव होतं, इथे कपड्यांवर हव्या तेवढ्या बिल्ल्या लावता येऊ लागल्या. (आयई ६ ला दोन बिल्ल्या एकदम वाचता येत नसत, दोन क्लास जोडून नियम लिहिला तर तो शेवटचाच बघायचा. आमच्या पिढीतल्या अनेकांचे केस त्यात गेले.)

त्याच एचटीएमएल ४ ने फॉन्ट नावाच्या टॅगला निवृत्तीची नोटीस दिली. दिसणं मजकुरात लिहू नका, बाहेर लिहा, असा त्याचा अर्थ. जगभरातल्या लोकांनी माना डोलावल्या. आपण मराठीवाल्यांनी मात्र तेव्हा डोलावली असती तर आपला मजकूरच नाहीसा झाला असता! हे नीट समजायला थोडं मागे जावं लागेल.

आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात देवनागरीचं टर्मिनल तयार झालं. मोहन तांबे हे त्यातलं मुख्य नाव. हे काम १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावाने पुढे गेलं, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून ‘इस्की’ ठरलं. इस्कीची मूळ कल्पना मला आजही फार देखणी वाटते. भारतीय लिप्या एकाच ब्राह्मी घरातल्या. क चा क सगळीकडे आहे, फक्त काढतात वेगळा. मग ‘क’ साठी एकच आकडा ठेवू आणि तो देवनागरीत काढायचा की तेलुगूत, हे बाहेरून सांगू.

बाहेरून म्हणजे कसं? इस्कीत एक खास बाइट होता. तो आला की त्याच्या पुढचा बाइट हुकूम द्यायचा: इथून पुढे ठळक, इथून तिरपं, इथून अधोरेखित. आणि त्याच वाटेने लिपीचाही हुकूम: इथून पुढे बंगाली, इथून पुढे तेलुगू. म्हणजे इस्कीच्या लेखी लिपी ही ठळकपणासारखीच एक स्टाइल होती. ‘मुकुटबन’ असं एकदा लिहा, हुकूम बदला, तेच बाइट तेलुगूत दिसतील.

फक्त हे हुकूम वस्तूला चिकटलेले नव्हते, मजकुराच्या प्रवाहात सोडलेले होते. जिन्यातल्या दिव्यासारखं. खालच्या मजल्यावर कोणी बटण दाबलं म्हणून वर उजेड. परिच्छेद मधूनच कापून दुसरीकडे नेला की हुकूम मागे राहायचा आणि मजकूर पुढे जायचा. ओळ संपली की लिपी आपोआप मूळपदावर यायची, कारण तशी तरतूद नसती तर एक विसरलेला हुकूम सगळं पान खाऊन बसला असता. घटकाला क्लास लावण्यात नेमकी ही अडचण सुटते: घटकाला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि क्लास त्या दोन टोकांच्या आतच राहतो.

१९९१ च्याच ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने उलटा निर्णय घेतला. लिपी ही स्टाइल नाही, ती मजकुराचा भाग आहे. देवनागरी म वेगळा, तेलुगू म वेगळा. तरी रचना इस्कीवरूनच घेतलेली, त्यामुळे या दोन म च्या क्रमांकांत बरोबर ७६८ चं अंतर आहे, दोन क मध्येही तेवढंच, दोन न मध्येही. एकाच वाड्याच्या वाटण्या झाल्या पण खोल्यांचे नंबर तेच ठेवले, असं काहीसं.

युनिकोड कागदावर आलं तरी घरच्या मशीनवर देवनागरी नीट उमटायला विंडोज २००० उजाडावं लागलं. र. कृ. जोशींनी काढलेला मंगल फॉन्ट तेव्हा आला. मधली वर्षं, आणि खरं तर त्यानंतरचीही बरीच वर्षं, मराठीने काढली ती फॉन्टच्या आधारावर. सुषा, शिवाजी, योगेश, सुरेख... नावं आठवत असतील. युक्ती अशी की फाइलीत साठायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्टमध्ये मात्र त्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले. अर्धा क, काना, वेलांटी, रफार. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी टाइप करायची. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला की नुसती किडामुंगी.

वेबपानावर हे करायचं तर ‘मराठी’ नावाचा क्लास करायचा, त्याला फॉन्ट नेमून द्यायचा, आणि प्रत्येक मराठी परिच्छेदाला तो लावायचा. मध्ये एखादा इंग्रजी शब्द आला की त्याच्यापुरता तो उतरवायचा, नाहीतर इंग्रजी नावाचंही विचित्र देवनागरी व्हायचं. जगात इतरत्र क्लास निसटला तर शीर्षक जरा लहान दिसायचं. आपल्याकडे क्लास निसटला तर भाषा जायची. दिसणं बाहेर ठेवा म्हणणाऱ्यांना आपण काय सांगणार होतो? आमचं असणंच दिसण्यात आहे, बाबा.

आता मुकुटबन. झरी-जामणी तालुक्यातलं गाव, वणीच्या दक्षिणेला. माजरीहून वणीमार्गे आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेवर त्याचं स्टेशन आहे. भोवती कोळसा आणि चुनखडीचा पट्टा; २०२२ पासून तिथे मोठा सिमेंट कारखाना चालू झालाय. दक्षिणेला पैनगंगा, आणि पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. या सगळ्या मुलखात कोलाम लोक राहतात. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, म्हणजे मराठीपेक्षा तेलुगूच्या आणि गोंडीच्या जवळची. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचं कोलामीवरचं पुस्तक १९५५ मधलं आहे. भाषेला स्वतःची परंपरागत लिपी नाही. नदीच्या अलीकडे ती लिहायची झाली तर देवनागरीत लिहितात, पलीकडे तेलुगूत.

माझे मामा तिथे शाळामास्तर होते. (आमच्याकडे मामाजी म्हणतात, तसंच लिहितो.) नोकरीच्या काळात त्यांनी पोडांवर जाऊन कोलामी शब्द जमवले, वहीत मराठी अर्थासह मांडले आणि २००३ मध्ये वणीच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतले. अर्थातच जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. ज्या म्हाताऱ्यांनी शब्द सांगितले त्यातले बरेच आता नाहीत. वह्या एका पावसाळ्यात भिजल्या. उरली ती फाइल.

या फाइलीत एक गोष्ट अशी होती जी मला नुसती बघून कळलीच नसती. कोलामीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे आहेत, तसेच ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ. मराठी लिहिताना आपल्याला हा भेद लागत नाही, आपला ए एकच. तेलुगूत दोघांना स्वतंत्र अक्षरं आहेत. मामाजींनी त्यावर गावठी तोडगा काढला: ऱ्हस्व ए किंवा ओ असलेलं अक्षर ठळक छापायचं. बस्स. वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

म्हणजे उच्चारातला फरक, जो शंभर टक्के मजकूर आहे, तो स्टाइलमध्ये जाऊन बसला होता. बाकी अक्षरं फॉन्टमध्ये बसली होतीच.

असा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात आणि चांगलं काम करतात. नात्यातल्या एका पोराने फाइल त्यात घातली, पाच मिनिटांत सगळं स्वच्छ देवनागरी बाहेर आलं, मामाजी खूष. पण कन्व्हर्टर घेतो नुसता मजकूर. ठळकपणा त्याच्या लेखी नटणं-मुरडणं. सगळे ऱ्हस्व ए दीर्घ ए मध्ये मिसळून गेले. मामाजींनी चार पानं मोठ्याने वाचली आणि थांबले. “हे माह्या शब्दावाणी दिसून राह्यलं,” म्हणाले, “पण वाचलं का आवाज तो नाही येत.”

नशिबाने मूळ फाइल कोणी पुसली नव्हती. मग ठळकपणा परत उपसायचा उद्योग सुरू झाला. त्या फाइलीत ठळक तीन कारणांनी होतं. मुख्य शब्द ठळक. ऱ्हस्व स्वराचं अक्षर ठळक. आणि काही ठिकाणी डीटीपीवाल्याला वाटलं म्हणून ठळक :) तिन्ही दिसायला एकच. त्या वेळी कोणी ‘मुख्यशब्द’ आणि ‘ऱ्हस्व’ अशा दोन वेगळ्या स्टाइल केल्या असत्या आणि दोन्ही ठळकच दाखवल्या असत्या, तर माझं काम एका दुपारचं होतं. नाव वस्तूचं ठेवायचं, रूपाचं नाही, असं जे सांगतात त्याचं कारण हे. जीटीके नावाच्या टूलकिटमध्ये धोक्याच्या बटणाला लावायच्या क्लासचं नाव आहे ‘विध्वंसक कृती’. लाल नाही. लाल करायचं की नाही ते थीम ठरवते. (टेलविंडवाले हे वाचून हसतील. त्यांच्या २०१७ नंतरच्या जगात क्लासच्या नावातच रंग, माप, समास सगळं असतं. झटपट काम होतं हे कबूल. पण वीस वर्षांनी त्या पानावरून कोणाला अर्थ उपसायचा झाला तर माझ्या सदिच्छा आहेत.)

ठळकपणा किती लांबीचा आहे यावरून बहुतेक उकल झाली: पूर्ण परिच्छेदाची सुरुवात ठळक असेल तर मुख्य शब्द, एकच अक्षर ठळक असेल तर ऱ्हस्व स्वर. मधलं उरलं ते शंकास्पद. ते माणसानेच तपासायला हवं, आणि तो माणूस एकच, वय पंचाहत्तरच्या पुढे. म्हणून एक छोटा डेस्कटॉप प्रोग्राम हवा होता. शब्दांची लांबलचक यादी, आणि शंका असलेल्या ओळी लाल.

पुढचं समजायला क्लास लावण्या-काढण्याच्या पद्धती थोडक्यात बघाव्या लागतील. ब्राउझरमध्ये १९९८ पासून क्लास हाताळायला मिळायचा तो एक सलग मजकूर म्हणून. ‘लाल’ जोडायचा तर शेवटी जागा सोडून ‘लाल’ चिकटवा. दोनदा चिकटवला तर दोनदा. काढायचा तर मजकुरात शोधा आणि पुसा. आता घटकाला आधीच ‘लालसर’ नावाचा क्लास असेल तर? ‘लाल’ पुसला की मागे ‘सर’ उरतात. कोण सर, कुठले सर, ब्राउझरला काही कळत नाही. २००६ मध्ये जॉन रेसिगचं जेक्वेरी आलं, आणि त्यातलं क्लास जोडा, क्लास काढा, क्लास उलटवा हे त्रिकूट लोकांनी डोक्यावर घेतलं. आतली युक्ती साधी होती: दोन्ही बाजूंना जागा जोडून पूर्ण शब्दच शोधायचा. २०१० मध्ये फायरफॉक्स ३.६ बरोबर ब्राउझरमध्येच ‘क्लासलिस्ट’ आली, आयईत ती २०१२ मध्ये दहाव्या आवृत्तीत पोचली. नाव लिस्ट असलं तरी वागते संचासारखी. एकच क्लास दहा वेळा जोडा, राहतो एकच. काढला की गेला.

डेस्कटॉपवाल्यांनी हे बघून तोच कित्ता गिरवला. २००६ च्या क्यूटी ४.२ मध्ये स्टाइलशीट आल्या. २०११ च्या फेब्रुवारीत जीटीके ३ ने सीएसएस घेतलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात जावाएफएक्स २ ने. पण जावाएफएक्समध्ये एक खोच आहे. तिथली क्लासची यादी ही खरीच यादी आहे, संच नाही. ‘शंका’ दोनदा जोडला तर दोनदा बसतो, आणि एकदा काढला तर एक उरतो. ओळ लालच राहते. प्रोग्रामर शपथेवर सांगतो की मी काढलाय, आणि तो खोटं बोलत नसतो.

दुसरी खोच त्याहून वाईट, आणि ती फक्त जावाएफएक्सची नाही. यादी हजारो ओळींची असली तरी स्क्रीनवर दिसतात वीस-पंचवीस. म्हणून टूलकिट तेवढेच घटक बनवतं आणि तुम्ही खाली सरकलात की वरून बाहेर गेलेला घटक खाली नव्या ओळीसाठी वापरतं. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पंक्तीची ताटं धुऊन दुसऱ्या पंक्तीला, तसं. ताट धुतलं नाही तर आधीच्याची आमटी तुमच्या भाताखाली. इथे आमटी म्हणजे क्लास. ‘शब्द शंकास्पद असेल तर क्लास लाव’ एवढंच लिहिलं आणि ‘नसेल तर काढ’ हे लिहिलं नाही, तर लाल रंग वापरलेल्या घटकासोबत प्रवास करत चुकीच्या शब्दांवर जाऊन बसतो.

प्रोग्रामची पहिली आवृत्ती कॉलेजातल्या एका हुशार मुलाने प्रोजेक्ट म्हणून करून दिली होती आणि तिच्यात नेमकं हेच झालं. मुलाचा दोष फार मानत नाही मी, त्याने पन्नास शब्दांवर तपासलं होतं आणि पन्नासात ते दिसत नाही. मामाजींकडे मात्र हजारांच्या वर शब्द. ते बिचारे खाली सरकत गेले आणि जे जे लाल दिसलं ते ते वहीत उतरवत गेले. मी फोनवर विचारलं, “मामाजी, तुम्हाला शंका होती का त्या शब्दांबद्दल?”

“मले कशाची शंका? पण कॉम्प्युटरनं लाल केलं म्हणजे काही असन ना, म्हणून उतरवले.”

मग ऑटो करून पोडावर गेले. तिथे एक म्हातारी बाई अजून आहेत ज्यांनी पूर्वी त्यांना शब्द दिले होते. त्यांनी दहा-बारा शब्द ऐकून घेतले, तेच उच्चार पुन्हा करून दाखवले, आणि म्हणाल्या, “मास्तर, हे तं तुमाले मागंच सांगतले होते. इसरले का?” मामाजींना ते लागलं. स्वतःच्या कानावर त्यांचा चाळीस वर्षं विश्वास होता, आणि एका न काढलेल्या क्लासने तो हलवला. त्यातले दोन उच्चार तर त्यांनी फाइलीत बदलूनही टाकले होते, ते पुन्हा जागेवर आणले.

दुसरी आवृत्ती मी लिहायला घेतली तेव्हा एकच गोष्ट पक्की केली. शंका आहे की नाही, कोणी घेतली, कधी घेतली, मिटली का, हे सगळं शब्दाच्या नोंदीत साठवायचं. क्लास ही त्या नोंदीची सावली. घटक नव्या ओळीसाठी वापरला गेला की प्रत्येक वेळी नोंदीला विचारायचं आणि उत्तर हो असो वा नाही, दोन्ही बाजूंनी लागू करायचं. जावाएफएक्सच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, यासाठी सूडोक्लास नावाची चांगली सोय आहे. तिला खरं किंवा खोटं असं थेट सांगता येतं, त्यामुळे दोनदा लागण्याचा प्रश्न येत नाही. ‘उलटव’ हे फंक्शन मी अशा ठिकाणी वापरत नाही. ते इस्कीच्या प्रवाहातल्या हुकमासारखं आहे, आधी काय होतं ते माहीत असेल तरच उपयोगाचं.

ऱ्हस्व ए मात्र क्लासमधून बाहेर काढला आणि अक्षरात टाकला. युनिकोडच्या देवनागरीत ऎ आणि ऒ ही अक्षरं आहेत, त्यांच्या मात्राही आहेत. द्राविडी भाषा देवनागरीत लिहिण्यासाठीच ती ठेवली आहेत. मामाजींना पहिल्यांदा दाखवली तेव्हा ते बराच वेळ बघत बसले. “हे २००३ साली काऊन नाही सांगतलं कोणी?” तेव्हाही ती होती, १९९१ पासून होती. वणीच्या त्या डीटीपीच्या दुकानात नव्हती, एवढंच.

भाषेची खूणही क्लासने करायची नाही असं ठरवलं. पूर्वीचा ‘मराठी’ क्लास फॉन्टसाठी होता. आता एचटीएमएलमध्ये भाषा सांगायला वेगळं अ‍ॅट्रिब्यूट आहे आणि त्याचा उपयोग दिसण्यापलीकडे जातो. मराठी असं सांगितलं की चांगला फॉन्ट आपला पाकळीचा ल आणि शेंडीचा श काढतो, हिंदी सांगितलं की हिंदी वळणाचा. क्रमांक तोच, आकार वेगळा. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये हेच ल आणि श वापरा असा शासन निर्णय काढला, पण निर्णय कागदावर असतो आणि आकार फॉन्टमध्ये. मध्ये ती छोटी खूण लागते. पुण्यात रेड हॅटमध्ये सांभाळल्या गेलेल्या लोहित फॉन्टमध्ये एकेकाळी मराठीचा फॉन्टच वेगळा होता, तो याच दोन अक्षरांपायी.

आम्ही मराठी रकान्यावर मराठी अशी खूण केली, कोलामीवर कोलामीची (तिचा आंतरराष्ट्रीय कोड केएफबी). सगळं नियमाप्रमाणे. छापून बघितलं तर मराठी रकान्यात पाकळीचा ल आणि कोलामीत हिंदी वळणाचा, कारण कोलामीसाठी काय करायचं हे फॉन्टला कोणी शिकवलेलंच नाही. मामाजींनी चष्मा वर केला. “कोलामांचा ल मंत्रालयातून नाही आला, पण दिल्लीहून तं अजिबातच नाही.” खूण बदलून कोलामीला मराठी म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं झालं असतं. म्हणून खूण तशीच ठेवली आणि स्टाइलशीटमध्ये कोलामी रकान्याला मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट नेमला. एका ओळीचं काम, आणि या खेपेला ते योग्य जागी लिहिलं गेलं.

आता ऱ्हस्व-दीर्घ अक्षरातच असल्यामुळे तेलुगू प्रत काढणं अगदी सोपं झालंय. बहुतेक अक्षरांना ७६८ मिळवायचे, काही अपवाद हाताने बघायचे. ती प्रत आदिलाबादकडच्या एका शिक्षकांना वाचायला पाठवली. त्यांनी पहिल्या पानावर दोन ठिकाणी खूण करून परत पाठवली: इथे ए दीर्घ हवा. मामाजी म्हणतात, ऱ्हस्वच, मी स्वतः ऐकलाय. दोन्ही नोंदींवर शंका लावून ठेवली आहे, दोघांच्या नावानिशी. पाऊस उघडला की मामाजी पुन्हा पोडावर जाणार आहेत.